शंभर स्लीपरचं एक मिनिट

बावीस वर्षं मी रेल्वेच्या जयपूर कंट्रोलमध्ये बसून अख्ख्या सेक्शनला वेळ सांगितली, आणि निवृत्तीनंतर तिसऱ्या वर्षी एका दुकानदाराने मला घड्याळ कसं बघायचं ते शिकवलं. माणसाची जिरायची असली की ती त्याच्याच धंद्यात जिरते.

वेळ सांगितली म्हणजे काय, ते आधी सांगतो, नाहीतर बढाई वाटेल. (थोडी आहेच.) दुपारी बरोबर चार वाजता सेक्शन कंट्रोलर फोनवर सगळ्या स्टेशनांना एकदम बोलावतो आणि म्हणतो, "सोलह बजे." त्यावर जिकडचे तिकडचे स्टेशनमास्तर आपापली घड्याळं मिळवून घेतात. जुनी रीत आहे. माझ्या तोंडून 'बजे' निघालं की वीस-पंचवीस स्टेशनांवर काटे सरकायचे. आता मुरलीपुऱ्यातल्या आमच्या घरात एकच भिंतीवरचं घड्याळ आहे आणि तेही बायकोच्या ताब्यात, तरी चार वाजले की माझ्या तोंडून निघतंच, "सोळा वाजले."

"चहा पाह्यजे असन तं तसं सांगा," शालन स्वयंपाकघरातून म्हणते. "टेशनं कायले बोलावता?"

शालन मलकापूरची. पस्तीस वर्षं राजस्थानात काढली, पण तिची भाषा मलकापूरच्या पुढे एक स्टेशन सरकलेली नाही. माझी मात्र प्रत्येक बदलीला बदलली. साहेबांसमोर इंग्रजी, शिपायासमोर हिंदी आणि पाहुण्यांसमोर पुण्याचं मराठी, जे मी पुण्यात न जाता शिकलो.

मी जनार्दन शामराव तायडे. जन्म बोदवडजवळच्या, रूळ राखणाऱ्यांच्या गँग क्वार्टरमधला, रुळांपासून इतक्या जवळ की मेल गेली की भांडी मांडणीवरून आपोआप पुढे यायची. वडील चाबीवाले होते. रूळ ज्या लोखंडी पाचरीने खालच्या आडव्या स्लीपरला धरलेला असतो, तिला चाबी म्हणतात. गाड्या जाऊन जाऊन ती ढिली होते. वडील हातोडा खांद्यावर टाकून रोज आपल्या हद्दीतला रूळ चालायचे आणि ढिली दिसेल ती चाबी ठोकायचे. तीस वर्षं चालले. निवृत्त झाले त्या दिवशी हातोडा, पाना, लाल झेंडी, हिरवी झेंडी, सगळं ऑफिसात जमा करून सही घेतली आणि मोकळ्या हाताने घरी आले. रेल्वेचं ते रेल्वेला. त्यामुळे वडिलांची म्हणून दाखवावी अशी एकही वस्तू आमच्याकडे नाही. हे मला आयुष्यभर कधी खटकलं नव्हतं. खटकलं ते व्याह्यांच्या भिंतीसमोर.

माझी मुलगी सावनी आणि तिच्या कंपनीतला पृथ्वीराज निकम, दोघांनी आपसांत ठरवलं होतं. दोन्हीकडच्या काही नातलगांनी जातीवरून नाकं मुरडली, पण ती नाकं महाराष्ट्रात होती आणि आम्ही जयपुरात. निकम मूळचे साताऱ्याकडचे, फौजी घराणं. पृथ्वीराजचे वडील उत्तमराव सैन्यातून निवृत्त होऊन तिलक नगरात स्थायिक झालेले. पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो तेव्हा पोरं गच्चीवर गेली आणि उत्तमराव मला दिवाणखान्यातल्या भिंतीसमोर घेऊन उभे राहिले. पणजोबा, आजोबा, वडील आणि ते स्वतः, चौघेही गणवेशात. खाली काचेच्या पेटीत पणजोबांचं महायुद्धातलं पदक.

"आणि तुमच्या वडिलांचं काय सांगाल, तायडेसाहेब?" त्यांनी विचारलं. "तेही रेल्वेतच होते म्हणे."

आता इथे सरळ माणसाने काय म्हटलं असतं? चाबीवाले होते, म्हटलं असतं. तीन शब्दसुद्धा नाहीत. पण त्या चार मिशांसमोर माझी छाती आत गेली. आमच्यात पणजोबांच्या पलीकडचं नाव कुणाला सांगता येत नाही. लिहून ठेवायला लिहिता येणारा माणूस लागतो. मी चहाचा घोट घेतला आणि म्हणालो, "हो. त्यांचं घड्याळ आहे माझ्याकडे."

शालनला ठसका लागला.

"कसलं घड्याळ?" उत्तमरावांचे डोळे चमकले. त्यांना घड्याळांचा शौक, हे मला नंतर कळलं. सगळं मला नंतरच कळतं.

"ऑटोमॅटिक," मी म्हणालो. सकाळच्या पेपरातली जाहिरात डोळ्यांसमोर होती. "क्रोनोग्राफ."

"मग साखरपुड्याला आणा की!" उत्तमरावांच्या पत्नी इंदुबाई म्हणाल्या. "आम्ही सावनीला माझ्या सासूबाईंची मोहनमाळ घालणार आहोत. तुम्ही आमच्या पृथ्वीराजच्या हातात आजोबांचं घड्याळ बांधा."

परतताना स्कूटरवर मागून आवाज आला. "मामंजीजवळ घड्याळ कवा होतं जी?"

"गाडी चालवतोय. बोलू नकोस."

"सावनीले काय सांगनार?"

"सावनीला सरप्राइज."

शालनने कपाळावर हात मारलेला मला आरशात दिसला.

अशा रीतीने, वडील गेल्यानंतर एकोणीस वर्षांनी, मी त्यांचं घड्याळ विकत घ्यायला निघालो.

चौडा रास्त्याच्या एका गल्लीत पवनजींचं दुकान आहे. बाहेर पाटी 'प्री-ओन्ड लक्झरी वॉचेस'. प्री-ओन्ड म्हणजे सेकंडहँडच, पण इस्त्री केलेलं. त्यांनी मखमलीच्या तबकात पाच-सहा घड्याळं मांडली आणि माझी नजर एकावर बसली. पातळ, पांढरीशुभ्र तबकडी, निळे काटे, आत तीन छोट्या तबकड्या आणि तपकिरी चामड्याचा पट्टा. सुटाच्या बाहीखालून अर्धंच दिसावं असं खानदानी. मागे काच होती आणि त्यातून आतलं अर्धगोल वजन हलताना दिसत होतं. हात हलला की ते फिरतं आणि चावी आपोआप भरली जाते.

"हेरिटेज पीस है?" मी विचारलं.

"बाबूजी, जयपूर में तो कचोरी भी हेरिटेज है," पवनजी म्हणाले. "यह एक डॉक्टर साहब की थी. मशीन असली है, कागज पूरे हैं. मैं इतना जानता हूँ. इससे आगे का हेरिटेज आप घर पर बना लीजिए."

इतका प्रामाणिक दुकानदार भेटल्यावर खोटं बोलणारा गिऱ्हाइकच असणार. किंमत सांगत नाही. शालन अजून विचारते, तिलाही सांगितलेली नाही. घरी नेऊन दाखवलं, चावी आपोआप कशी भरते ते समजावलं.

"हात हालला तं चालते?" तिने सोफ्यावर पडलेल्या माझ्याकडे पाहिलं. "मंग तुमच्या हातात कसं चालन?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ते मनगटावर घेऊन नीट पाहिलं. मधला मोठा सेकंदकाटा बाराच्या डोक्यावर उभा. हलेना. हात झटकला, हवेत पोहलो, तरी हलेना. फसवलं! तडक चौडा रास्ता गाठला आणि दुकानात दोन गिऱ्हाइकं बसलेली असताना आवाज चढवला. कंट्रोलचा आवाज आहे, चढला की सांगानेरपर्यंत जातो. बंद घडी दी है, काटा कल से बारह पे खड़ा है, मुझे क्या समझते हो, वगैरे.

पवनजींनी घड्याळ घेतलं. खालच्या छोट्या तबकडीकडे बोट दाखवलं. त्यात एक इवलासा काटा टुकटुक चालत होता. "सेकंड यह है, बाबूजी. बड़ा वाला तो बुलाने पर आता है." त्यांनी वरचं बटण दाबलं. मोठा काटा बारावरून निघाला. पुन्हा दाबलं, थांबला. खालचं दाबलं, उडी मारून परत बारावर. "रेस-वेस का टाइम लेना हो तो दबाइए, क्रोनोग्राफ इसी को कहते हैं. बाकी टाइम आराम करता है." मग त्यांनी अगदी आदराने विचारलं, "आप किस डिपार्टमेंट में थे?"

"पोस्ट ऑफिस," मी म्हणालो.

म्हणजे बघा. भिंतीसमोर वडिलांना लपवलं आणि दुकानात रेल्वेला.

पण खरं सांगायचं तर वडिलांना लपवण्याची ती पहिली वेळ नव्हती. सावनी सहा वर्षांची असताना ते पंधरा दिवस जयपूरला आमच्याकडे आले होते, तेव्हा आम्ही रेल्वे कॉलनीत राहायचो. आयुष्यभर चाललेला माणूस, घरात बसवेना. एकदा माझा डबा राहिला म्हणून तो घेऊन चालत कंट्रोल ऑफिसात आले. धोतर, टोपी, पायात जाड चपला. शेजारच्या खुर्चीवरच्याने विचारलं, "कौन हैं, तायडेजी?" मी गाड्यांच्या चार्टवरून मान वर न करता म्हणालो, "गाँव से आए हैं." हिंदी त्यांना उत्तम कळायची, तीस वर्षं रेल्वेत काढली होती. त्यांनी डबा टेबलावर ठेवला, मी जेवेपर्यंत बाहेर बाकावर बसले आणि रिकामा डबा घेऊन गेले. घरी त्याबद्दल एक शब्द काढला नाही. पुढच्या वर्षी ते वारले. या एका गोष्टीची मला लाज वाटते, आणि ती थट्टेत घालवता येत नाही. बाकी सगळी येते.

असो. साखरपुडा.

तिलक नगरात निकमांच्या घरीच दुपारचा बेत होता. त्यांची पंचवीस माणसं, आमची आठ. मी सूट शिवला होता. घड्याळ आठ दिवस मनगटावर वागवून थोडं जुनं करून घेतलं होतं आणि त्याबरोबर गोष्टही पक्की केली होती: वडील रेल्वेत 'लाइनवर' होते (हे खोटं नाही), एकदा एका मोठ्या साहेबाची स्पेशल गाडी त्यांनी वेळेवर थांबवली आणि साहेबाने स्वतःच्या हातातलं घड्याळ काढून त्यांना दिलं. आरशासमोर सांगताना माझ्याच अंगावर काटा आला होता.

इंदुबाईंनी सावनीला मोहनमाळ घातली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग माझी पाळी. मी डबी उघडली आणि गोष्ट सुरू केली. मध्येच सुचलं म्हणून साहेबाच्या डोळ्यांत पाणीही आणलं. निकमांच्या बायका हळहळल्या. घड्याळ उत्तमरावांच्या हाती गेलं. त्यांनी चष्मा लावला, पुढून पाहिलं, मागून पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मला म्हणाले, "सुंदर आहे." आणि परत दिलं. पुढे काहीच विचारलं नाही. घड्याळाच्या शौकिनाने काहीच न विचारणं म्हणजे काय, हे मला कळायला हवं होतं. पण मी जिंकल्यासारखा पृथ्वीराजकडे वळलो.

तेवढ्यात सावनी बोलली. हळूच बोलली, पण आवाज माझा घेतलाय पोरीने. अख्ख्या खोलीला ऐकू आलं.

"बाबा, मतलब... आजोबांकडे घड्याळ नव्हतं ना?"

पृथ्वीराजने पुढे केलेला हात मागे घेतला.

"मी ह्यांना सांगितलेलं," ती म्हणाली. तिचं मराठी अडखळतं, त्या दिवशी जास्तच अडखळलं. "पृथ्वीला, त्याच्या आई-बाबांना. की आजोबा पटरीवर चालायचे, हातोडा घेऊन. घड्याळ नव्हतं, पण टाइम त्यांना पक्का माहीत असायचा. मग... मी जे सांगितलं ते झूठ होतं का?"

ती मला पकडायला विचारत नव्हती. तिला खरंच प्रश्न पडला होता. बाप पंचवीस माणसांसमोर सांगतोय म्हणजे तेच खरं असणार, आपलंच काही चुकलं असेल, असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. घड्याळ कुणाचं, हे तिथे कुणीच सिद्ध करू शकत नव्हतं. मी नुसतं हसून "अगं, तू लहान होतीस, तुला काय आठवणार" म्हटलं असतं तरी निभलं असतं. फक्त माझी मुलगी सासरच्या उंबऱ्यावर पहिल्याच दिवशी थापाडी ठरली असती. खरं बोललो तर मी खोटा. खोट्याला धरून राहिलो तर ती खोटी.

मी शालनकडे पाहिलं. ती छताकडे पाहत होती.

"नाही," मी म्हणालो. "तुझं खरं आहे. हे घड्याळ चौडा रास्त्याचं आहे. सेकंडहँड. महिनाही झाला नाही."

मागून एक मावशी म्हणाल्या, "अगं बाई!" सूट मला एकाएकी दोन मापं मोठा झाला.

"बसा," उत्तमराव म्हणाले. त्यांनी स्वतः खुर्ची ओढली. "तायडेसाहेब, सावनीने सांगितल्यापासून मला ती चाबीवाल्याची गोष्ट तुमच्या तोंडून ऐकायची होती. म्हणून तर त्या दिवशी भिंतीसमोर विचारलं. आता सांगता का?"

म्हणजे मी त्या भिंतीसमोर पहिली थाप मारली तेव्हाच ह्या घराला सगळं ठाऊक होतं. हे घड्याळ, हा सूट, साहेबाच्या डोळ्यांतलं पाणी, सगळा खटाटोप मी ज्यांच्यासाठी केला, ते तिघंही तो खटाटोप सभ्यपणे बघत बसले होते.

सांगितलं मग. आरशासमोर तयारी नव्हती, त्यामुळे माझं पुण्याचं मराठी कुठल्या कुठे गेलं. "बाप माहा चाबीवाला होता," असंच निघालं तोंडातून. समोरून गाडी यायला किती मिनिटं आहेत हे ज्या चाबीवाल्याला कळत नाही, त्याला म्हातारपण येत नाही. वडिलांना घड्याळ परवडत नव्हतं, म्हणून त्यांनी पायांनी वेळ मोजली. एका स्लीपरवर एक पाऊल. शंभर स्लीपर झाले की एक मिनिट. पुढे पुढे न चालताही मोजायचे. फाटकावरचा गेटमन स्वतःच्या घड्याळावर पैज लावायचा आणि हरायचा. वडील डोळे मिटून उभे राहायचे, बरोबर मिनिटाला म्हणायचे, "झालं." मी लहानपणी त्यांचा डबा घेऊन रुळाच्या कडेने जायचो, तेव्हा मलाही शिकवलं होतं.

"तुम्हाला येतं?" पृथ्वीराजने विचारलं. पोरगा उत्साही आहे.

"येतं म्हणजे काय!" मी म्हणालो. इतकं होऊनही माझी खोड जात नाही.

"मग हे कशाला आहे?" त्याने घड्याळ उचललं आणि वरच्या बटणावर अंगठा ठेवला. मी डोळे मिटले. मोठा काटा निघाल्याची टिक ऐकू आली. मी मनात स्लीपर मोजायला लागलो. एक, दोन, तीन. बोदवडचा रूळ डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न केला, पण पुढे सारखा कंट्रोलचा चार्ट येत होता, आणि मध्येच तो बाहेरचा बाक. शंभर झाले. "झालं!"

"अठ्ठेचाळीस सेकंद," पृथ्वीराज म्हणाला.

काय हसले सगळे! उत्तमरावांनी तर गुडघ्यावर थाप मारली. बावीस वर्षं जयपूर कंट्रोल या माणसाच्या भरवशावर होतं, असं कुणीतरी म्हणालं; बहुतेक मीच.

"मी करू?" सावनी म्हणाली.

"तुला कुठे येतं?"

"येतं ना. आजोबांनी शिकवलंय." ती सहज म्हणाली. "आपल्याकडे आलेले तेव्हा. तुम्ही ड्यूटीवर जायचे, आम्ही कॉलनीच्या रस्त्यावर चालायचो. रोज. ते म्हणायचे, तुझ्या बाबाला पण येतं, संध्याकाळी त्याला विचार. पण तुम्ही थकलेले असायचे."

मला यातलं काही माहीत नव्हतं. मी त्यांना गावाकडचे म्हणून सांगत होतो त्याच पंधरा दिवसांत ते माझ्या मुलीला घेऊन रोज शंभर शंभर पावलं चालत होते.

तिने डोळे मिटले. पृथ्वीराजने बटण दाबलं. साडीच्या काठाखाली तिचा अंगठा जमिनीवर हलकेच पडत होता, एक, एक, एक, अजिबात घाई नाही. ती चाल मी ओळखली. डबा घेऊन मागे धावताना ती मला कधीच गाठता आली नव्हती. माझे डोळे भरून आले, आणि या वेळी ते कुठल्या साहेबाचे नव्हते.

"झालं," सावनी म्हणाली.

पृथ्वीराजने अंगठा दाबला, पाहिलं, आणि घड्याळ माझ्यापुढे धरलं. मोठा काटा पूर्ण फेरी मारून बाराच्या डोक्यावर उभा होता, दुकानातून आणल्यावर पहिल्या सकाळी मला दिसला होता अगदी तसाच.